ओरिजनल रंगाला भाव

जुना ट्रॅक्टर बघायला जाताना मालकाला फोन करायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. फोन गेला की मालक ट्रॅक्टर चालू करून ठेवतो, आणि गरम इंजिनाचे निम्मे आजार दिसत नाहीत. म्हणून सकाळी लवकर गाठायचं, रामराम घालता घालता बॉनेटखाली हात सरकवून ब्लॉक गार आहे ना ते बघायचं, मगच सेल्फ मारायला सांगायचं. सगळं लक्ष पहिल्या धुरावर. निळा धूर आला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा-पिस्टन गेले. काळा आला तर नोझल नाहीतर पंप. पांढरा धूर हटतच नसेल तर कॉम्प्रेशन कमी आहे किंवा हेडचं गॅस्केट उडालंय. डीपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं की आत पाणी उतरलंय. शेवटी लिफ्टवर नांगर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहा घ्यायला बसायचं. चहा संपेस्तोवर नांगर भुईला टेकला, तर हायड्रॉलिकचा खर्च भावातून वजा.

वर्षानुवर्षं भाव ठरला तो एवढ्यावरच. सांगोल्यासारख्या जनावरांच्या बाजारात बैलाचे दात बघून रुमालाखाली बोटं धरणारी कितीतरी माणसं पुढं ट्रॅक्टरच्या दलालीत आली, आणि येताना त्यांनी आपली नजरही सोबत आणली. जनावर आणखी किती वर्षं काम देईल, हा त्यांचा प्रश्न होता. ट्रॅक्टरलाही तोच प्रश्न. काम देणार नसेल तर तो भंगारवाल्याच्या काट्यावर जायचा आणि किलोवर विकला जायचा. मधली पायरी नव्हती.

ती मधली पायरी आता आलीय, आणि ती सगळ्यात महाग आहे. हे नवं गिऱ्हाईक पहाटे येत नाही, दुपारी येतं. ट्रॅक्टर चालू करा म्हणत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘रंग कंपनीचाच आहे ना?’

मला ही पायरी पहिल्यांदा नीट दिसली ती उत्तरेकडून आलेल्या एका सरदारजींमुळं. एचएमटी ५९११ शोधत ते ऊसपट्ट्यात उतरले होते. आपल्याकडं ५९११ मुळात थोडे. बागायतदारांनी जास्त करून ३५ ते ४५ हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर घेतले. एका वस्तीवर एक मिळाला, तो आम्ही आणून त्याला झकास रंग देऊन उभा केला होता. पत्र्याला पुट्टी, सायलेन्सरला चंदेरी, रेडियमवाल्याकडून कापून आणलेले स्टिकर. जुन्या हिशोबानं त्याचा भाव चढायला पाहिजे होता. सरदारजींनी खिशातून फडकं काढलं, त्याला थिनर लावलं आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथं पेंटरचा हात पोचत नाही त्या कोपऱ्यात, हळूहळू घासत बसले. वरचा रंग निघाला, खालचा निघाला, त्याखालून कंपनीचा मूळ रंग दिसला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मग गिअरबॉक्सवरची चिखलाची खपली खरवडून त्यांनी नंबर वाचला, आरसी बुकाशी ताडून बघितला. इंजिनाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. इंजिन आमच्याकडं बांधून मिळतं, म्हणाले. पैसे मोजून दिले आणि जाताना एवढंच सुनावलं, की रंग दिला नसता तर मी जास्त दिले असते.

५९११ ची ही ओढ समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागतं. हिंदुस्थान मशीन टूल्सनं १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवायला घेतले, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्यानं. पहिला होता २५११, पंचवीस हॉर्सपॉवरचा. ५९११ हा त्या घराण्यातला थोरला गडी, आणि जड ओढकामात पंजाब-हरियाणाचा लाडका. पण सरकारी कंपनी तोट्यात गेली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायला मंजुरी दिली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एचएमटीच्या घड्याळांचाही तोच निर्णय झाला होता. कपाटाच्या कोपऱ्यात पडून राहिलेलं ‘जनता’ घड्याळ त्यानंतर लोक शोधून शोधून घ्यायला लागले, हे आठवत असेलच. ट्रॅक्टरचंही तेच झालं. कारखान्याचं दार बंद झालं आणि त्या क्षणापासून प्रत्येक चालू ५९११ म्हणजे न वाढणाऱ्या संख्येतला एक ठरला.

त्यात गायक सिद्धू मूसेवालानं ५९११ ला डोक्यावर घेतलं. २९ मे २०२२ रोजी त्याची हत्या झाली, आणि दोन दिवसांनी मूसा गावातून त्याची अंत्ययात्रा निघाली ती त्याच्या लाडक्या ५९११ वरूनच. ते दृश्य सगळ्या देशानं पाहिलं. त्यानंतर आमच्या फोनवर येणाऱ्या चौकशीत ज्यांच्या घरी एक गुंठाही शेती नाही अशी पोरंसुद्धा यायला लागली. मोगा, मलोट, तलवंडी साबो अशा ठिकाणी पंजाबात ट्रॅक्टरच्या मोठ्या मंड्या भरतात. तिथले दलाल आम्हाला विचारायला लागले, तुमच्याकडं ५९११ आहे का, फोर्ड ३६०० आहे का. फोर्डची गोष्टही बंद दाराचीच. एस्कॉर्ट्सनं फोर्डच्या सहकार्यानं इथं ट्रॅक्टर बनवले, पण मूळ फोर्ड कंपनी नव्वदच्या दशकात ट्रॅक्टरच्या धंद्यातून बाहेर पडली आणि ते नाव बॉनेटवरून उतरलं. आज शोरूममध्ये जाऊन कोणी फोर्डचा नवा ट्रॅक्टर मागू शकत नाही.

उलट बाजूला मॅसी १०३५ बघा. आपल्या रानात या ट्रॅक्टरनं केलेल्या कामाला तोड नाही. ज्या शिवारात बैलाच्या जोडीनंतर थेट १०३५ आला अशी कितीतरी शिवारं मला माहीत आहेत. पण त्याचा जुना नमुना शौकाच्या भावानं जात नाही, कारण टाफे कंपनी तो आजही बनवते. पार्ट कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो. इंटरनॅशनल बी-२७५ या दोघांच्या मधोमध उभा आहे. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत हा ट्रॅक्टर बनायला लागला. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातलं हे मॉडेल कांदिवलीतून निघून आपल्या काळ्या रानात रुळलं. ‘२७५’ हा आकडा महिंद्रानं आजपर्यंत सोडलेला नाही, त्यामुळं नाव जिवंत आहे. पण बॉनेटवर ‘इंटरनॅशनल’ लिहिलेला तो जुना लाल ट्रॅक्टर पुन्हा होणे नाही. माझ्या मते महाराष्ट्रात जपायचा पहिला ट्रॅक्टर कुठला असेल तर हाच. तो मुंबईत जन्मला आणि आपल्याच मातीत झिजला. पंजाब ५९११ साठी जेवढा हळवा होतो तेवढं आपण बी-२७५ साठी व्हायला हवं.

असाच एक बी-२७५ शोधून देण्याचं काम माझ्याकडं आलं होतं. आलेला माणूस पुण्यात नोकरी करणारा, पन्नाशीच्या आतबाहेरचा. त्याच्याजवळ एक फोटो होता: मडगार्डवर बसलेलं पोर, शेजारी टोपीवाले वडील, आणि खाली नंबरप्लेट. ‘एमएच’ मालिका सुरू व्हायच्या आधीचा नंबर. २००३ च्या दुष्काळात चारा विकत घ्यायची वेळ आली तेव्हा वडिलांनी तो विकला होता. वडील गेले, आणि मुलाला आता तोच ट्रॅक्टर हवा होता. तसाच दुसरा चालणार नव्हता.

जुना ट्रॅक्टर शोधणं म्हणजे कागद शोधणं. एका दलालाकडून दुसऱ्याकडं, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, आणि प्रत्येक हातात कागदाचा एखादा धागा तुटलेला. कुणी नावावरच करून घेतलेला नसतो, नुसत्या सह्या घेऊन पुढं विकलेला असतो. कुणाच्या आरसीवर कर्जाचा बोजा तसाच असतो आणि कर्ज दिलेली शाखा कधीच बंद झालेली. आरटीओत पासिंगला गेलं की चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासतात आणि ठसा उमटवून घेतात. त्या ठशातला एक आकडा जरी आरसीशी जुळला नाही तरी लाखाचा ट्रॅक्टर लोखंडाच्या भावाचा होतो. माझ्या माहितीत सुंदर चालणारे, घरच्यासारखे सांभाळलेले ट्रॅक्टर केवळ एवढ्यासाठी कापले गेलेत.

तर तो बी-२७५ सापडला मळणी यंत्राला जुंपलेला. पुढचा धुरा बदललेला, सीट कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीची. आमच्यात शिरस्ता आहे, की कशासाठी हवाय हे विकणाऱ्याला कधी सांगायचं नाही. गिऱ्हाईकाची ओढ कळली की भाव चढतो. म्हणून पुण्याची गाडी फाट्यावर ठेवून आम्ही चालत गेलो. मालक काका बोलायला मऊ, हिशोबाला पक्के. मळणी यंत्र ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जो भाव असतो त्यावर त्यांनी बोलणी सुरू केली. पण आम्ही इंजिनाआधी आरसी मागितली आणि तिथंच त्यांना वास लागला. ‘असल्या डबड्याचे कागद बघताय, मग पाव्हणं, काहीतरी मेख आहे,’ असं म्हणून त्यांनी एकदम दुपटीच्या वर आकडा नेला. मी गप्प राहून रेटत होतो. तेवढ्यात मागं उभ्या असलेल्या माणसाला राहवलं नाही. त्यानं खिशातला फोटो काढून काकांच्या हातात दिला.

काकांनी फोटो धरला, ट्रॅक्टरकडं बघितलं, नंबर ताडला. ‘वडिलांचा होय? मग आधी सांगायचं की दादा.’ आता भाव आणखी चढणार असं मी मनात धरलं होतं. चढला नाही. पहिल्या आकड्यावर आला असंही नाही. व्यवहार तो व्यवहार. मधल्या कुठल्यातरी आकड्यावर तोडगा निघाला, विसार दिला, आणि काकांनी एकच अट घातली: हंगामातली मळणी उरकल्याशिवाय ट्रॅक्टर हलवायचा नाही. त्या मुलानं मधे दोनदा जाऊन स्वतः मळणीच्या कामाला हात लावला, असं काकांनीच मला नंतर सांगितलं.

या सौद्यात त्या ट्रॅक्टरच्या तीन किमती झाल्या: भंगाराची, मळणीची आणि आठवणीची. बाहेरचे लोक विचारतात, जुन्या ट्रॅक्टरचा भाव वाढतोय की उतरतोय. माझं उत्तर असतं, कुठल्या किमतीबद्दल विचारताय? कामाच्या ट्रॅक्टरचा बाजार वेगळा आणि आठवणीच्या ट्रॅक्टरचा वेगळा, भले दोन्ही एकाच पत्र्याच्या शेडमध्ये उभे असोत.

कामाचा बाजार पावसावर आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरवर चालतो. कोल्हापूर-सांगली-साताऱ्यात गळीत हंगामाआधी, दसरा-दिवाळीच्या तोंडावर, ऊस वाहतुकीचे करार होतात आणि दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लोक अंधारात बॅटरी मारून बघून घेतात. हंगाम संपला, हप्ते थकले की उन्हाळ्यात फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांनी यार्डं भरतात. तेव्हा भाव पडतो. नव्या ट्रॅक्टरचे नियम बदलले तरी हा बाजार हलतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं, किंमत वाढली. साध्या मेकॅनिकल पंपाचा, गावातल्या मिस्त्रीनं उघडता येईल असा मोठा ट्रॅक्टर त्यानंतर जुन्यात जास्त विचारला जायला लागला. याच्या उलट २२ सप्टेंबर २०२५ ला झालं. ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ३५ हॉर्सपॉवरचा नवा ट्रॅक्टर सुमारे ४१ हजारांनी, ४५ चा सुमारे ४५ हजारांनी स्वस्त होईल, असा हिशोब केंद्रीय कृषिमंत्र्यांनी मांडला. निर्णय जाहीर झाल्यापासून तो लागू होईपर्यंतचे दिवस आमच्या धंद्यात सुतकासारखे गेले. दोन-चार वर्षं वापरलेला ट्रॅक्टर घ्यायला माणूस फिरकेना. पण त्याच आठवड्यात जुन्या फोर्डसाठी येणारे फोन मात्र चालूच होते. त्या गिऱ्हाईकानं आम्हाला जीएसटीचा ज सुद्धा विचारला नाही.

आठवणीचा बाजार किती टिकेल, याचा अंदाज अमेरिकेकडं बघून येतो, कारण तिकडं तो आपल्या आधी सुरू झाला. एप्रिल २०२२ मध्ये इलिनॉय राज्यातल्या एका लिलावात १९१३ सालचा केस ३०-६० ट्रॅक्टर १४ लाख ७० हजार डॉलरला गेला. अशी बातमी वाचून इकडं लोकांना वाटतं, जुनं म्हणजे सोनं. तसं नाही. १९३९ ते १९५३ मध्ये बनलेला फार्मॉल एच जवळजवळ चार लाख निघाला, आणि १९४७ ते १९५२ चा फोर्ड ८एन पाच लाखांच्या वर. हे ट्रॅक्टर तिथं अजूनही चालू स्थितीत ढिगानं आहेत. ज्या माणसांनी पोरवयात ते चालवले ती पिढी आता हयात नाही किंवा फार थकलीय, आणि त्यांच्या शेडमधला संग्रह मुलं विकायला काढतात. मुलांना हवा असतो त्यांच्या स्वतःच्या लहानपणीचा ट्रॅक्टर, १९६३ ते १९७२ मध्ये बनलेला जॉन डिअर ४०२० वगैरे. गिऱ्हाईकाच्या वयाबरोबर मागणी एक एक मॉडेल पुढं सरकत जाते. अतिदुर्मीळ यंत्रं तेवढी संग्रहालयाच्या भावानं वर राहतात.

म्हणून कोणी पोरगं गुंतवणूक म्हणून जुना ट्रॅक्टर घ्यायला आलं तर मी त्याला परावृत्त करतो. आणि कोणी खरंच जीव लावून घेणार असेल तर पदरमोड करून मदत करतो. दोघांमधला फरक पाच मिनिटांत कळतो. पहिला विचारतो पुढच्या वर्षी किती येतील. दुसरा विचारतो ऑइल कुठलं टाकायचं.

या सगळ्यात मला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. मागणी वाढली आणि त्याच मागणीनं ट्रॅक्टर बिघडवायला सुरुवात केली. पंजाबात जुन्या ट्रॅक्टरांना रुंद टायर, मोठे आवाज, बदललेले पंप लावून ओढाओढीच्या आणि कसरतींच्या खेळात उतरवलं जातं. एका कसरतपटूचा जीव गेल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं ट्रॅक्टरच्या कसरतींवर बंदी घातली. आपल्याकडं वेगळं चाललंय. हुरडा पार्टीच्या, कृषी पर्यटनाच्या जागांना दारात उभा करायला जुना ट्रॅक्टर लागतो. तिथं तो चालायला लागत नाही. मग पडद्यामागं काय होतं ते सांगतो: इंजिन आधीच काढून दुसऱ्याला विकलेलं असतं, गिअरबॉक्स तिसऱ्याला, लिफ्टचा पंप चौथ्याला. उरलेल्या सांगाड्यावर चकचकीत रंग मारून तो फुलांच्या कुंड्यांमध्ये उभा केला जातो आणि त्याच्यावर बसून लोक फोटो काढतात. धंद्याच्या हिशोबानं सुटे पार्ट आणि सांगाडा मिळून पूर्ण ट्रॅक्टरपेक्षा जास्त पैसे येतात. ज्या दिवशी हे गणित उलटेल त्या दिवशी हे थांबेल. तोवर आमच्यासारख्यांनी निदान चालू ट्रॅक्टर त्या वाटेला जाऊ देऊ नये.

मालकांनाही काही सांगायचं आहे. शेडमध्ये जुना ट्रॅक्टर पडून असेल तर रंग देऊ नका. पाणी काढा, झाकून ठेवा, टायरखाली ठोकळे द्या. आरसी, पहिल्या खरेदीची पावती, कंपनीचं पुस्तक एकत्र ठेवा. बॉनेटवरचं नाव, मीटर, टूलबॉक्स, दिव्यांच्या जाळ्या काढून कोणाला देऊ नका. लुधियानाचा नवा पार्ट बसतो छान, पण मूळ पार्टची सर त्याला येत नाही. मोटारींच्या बाबतीत हे सरकारच्याही ध्यानात आलंय. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी विंटेज नोंदणी आणली तेव्हा गाडी मूळ रूपातच असावी, ही अट घातली. आणि मडगार्डवर आज्यानं रंगवून घेतलेलं नाव पुसलं असेल तर ते तसंच पुसट राहू द्या. दुसऱ्यांदा रंगवलेलं नाव आज्याचं राहत नाही.

सध्या माझ्याकडं एक एचएमटी २५११ उभा आहे. एका विधवा काकूंनी दिलाय. मिस्टरांनी तो स्वतःच्या हातानं सांभाळलेला, पत्र्यावर दुसऱ्या रंगाचा थेंब नाही. भंगारवाला येऊन काटा लावायला तयार आहे. एका रिसॉर्टवाल्यानं चांगला आकडा दिलाय, पण त्याला इंजिन नको, सांगाडा हवा. तिसरा एक वीस-बावीस वर्षांचा मिस्त्री पोरगा आहे, आयटीआय झालेला. त्याच्याकडं पैसे कमी आहेत आणि तो दर रविवारी येऊन क्लच दाबून बघतो. काकूंना मी तिन्ही आकडे सांगितले. त्यांनी विचारलं, चालू कोण ठेवील? मी सांगितलं. पोराला दिवाळीपर्यंत मुदत दिलीय, बाकीची रक्कम हप्त्यानं. नोझल पंपासकट उतरवून कॅलिब्रेशनला पाठवलेत. आले की गार इंजिनावर चालू करून बघणार आहोत.